कुठलं तिस्क?

१९८८ सालच्या मे महिन्यात मी पहिल्यांदा एकट्यानं बसनं गेलो. गोव्यात, होंड्याहून उसगावला, मावशीकडे. जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. निघताना बाबांनी एकच गोष्ट तीनदा बजावली, "तिस्काला उतर. काका उभे असतील." आईनं फणसाच्या साटांची पुरचुंडी हातात दिली. कंडक्टरनं "फुडें वच, फुडें वच" करत मला पार पुढे, एका बाईच्या माशांच्या टोपलीपाशी नेऊन उभं केलं. मी तिस्काची वाट बघू लागलो.

म्हादईवरचा पूल मागे गेला. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मी विचारलं, "तिस्क आलं?" तो म्हणाला, "ना रे, आजून पयस आसा." थोड्या वेळानं बस एका गजबजलेल्या नाक्यावर थांबली. अर्धी रिकामी झाली, पुन्हा भरली. ती टोपलीवालीही उतरली. मला वाटलं, एवढ्या माणसांचं काम असलेली जागा म्हणजे बाजार असणार, तिस्क पुढे. बस सुटली. खांडेपारचा पूल गेला, कुर्टी गेली, आणि मग तो शेजारचा माणूस मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "हें पळय, आयलें तुजें तिस्क." मी उतरलो.

तिस्क म्हणजे आमच्याकडे तीन रस्त्यांचा नाका, आणि ते फोंड्याचं तिस्क होतं. तो माणूस फोंड्याचा. त्याच्या लेखी तिस्क म्हणजे तेच. माझ्या बाबांच्या लेखी तिस्क म्हणजे उसगावचं. दोघंही खरं बोलत होते, आणि मी साटांची पुरचुंडी घेऊन एका औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. काका काही येत नव्हते. पण मी चुकलो असं मला एकदाही वाटलं नाही. तिस्काला उतर म्हटलं होतं, तिस्काला उतरलो होतो. आता चूक झालीच असेल तर ती काकांची.

तासाभरानं एका परतीच्या बसच्या कंडक्टरनं मला हेरलं. "खंयचो रे तूं?" होंड्याचा म्हटलं. "मागीर हांगा कित्याक?" बाबांनी तिस्काला उतर म्हटलं, असं मी सांगितल्याबरोबर दारातले चारपाचजण हसले. कंडक्टरनं मला ओढून आत घेतलं आणि तिकीट न फाडता पहिल्या पायरीवर उभं केलं. उसगावला बस थांबायच्या आधीच दारातून बाहेर लोंबकळत तो ओरडला, "हो भुरगो कोणाचो?" काका नाक्यावरच्या भज्यांच्या गाड्याला टेकून उभे होते. दोन तास ते प्रत्येक बसमध्ये डोकावत होते. ते रागावले नाहीत. गाडेवाल्याला म्हणाले, "ह्याला दोन मिरच्या आणि एक उंडो दे," आणि मग माझ्याकडे वळून, "आधी विचारायचं असतं रे, कुठलं तिस्क?"

आता फोंड्यात नोकरी करून मला बावीस वर्षं झाली. रोज हाच रस्ता. होंडा, पिसुर्ले, म्हादईचा पूल, उसगाव तिस्क, खांडेपार, कुर्टी, फोंडा. संध्याकाळी हेच उलट. तेव्हाची बस आता माझी गाडी झाली आहे आणि कंडक्टरची जागा मोबाईलमधल्या बाईनं घेतली आहे, एवढाच फरक. ती बाई 'तीनशे मीटरवर उजवीकडे वळा' म्हणते. तिस्क हा शब्द तिला येत नाही.

तीन रस्ते मिळतात त्या जागेला देशावर फाटा म्हणतात. खाली सिंधुदुर्गात तिठा. आमच्याकडे तिस्क. शब्द वेगळे म्हणजे वस्तूही थोड्या वेगळ्या, असं माझं मत. फाट्याला रस्ता फुटतो आणि संपलं. एखादी टपरी असली तर असली. तिठा म्हटलं की मला आधी उतारा दिसतो, लिंबू, कुंकू, काळी बाहुली. लहानपणी तिठ्यावरून जाताना आई हात घट्ट धरायची. तिस्काला मात्र बाजार लागतो. तिस्कावर शिंपी असतो, पंक्चरवाला असतो, पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाडं नेणारे, आपल्या पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली ओळीत लावून गिऱ्हाइकाची वाट बघत असतात. तिथं माणूस थांबायला येतो. फोंड्याला एक, उसगावला एक, आणि साखळीहून डिचोलीला निघालं की कारापूरला एक. कारापूर तिस्काची गल्लत आमच्याकडून कधी झाली नाही, कारण ते साखळीच्या पलीकडचं, आणि साखळीच्या पलीकडे जायचं म्हणजे आई वेगळी पिशवी भरायची.

पणजी-म्हापशाकडची मंडळी आपल्या नाक्यांना जंक्शन नाहीतर सर्कल म्हणतात, आणि नावं देतात ती हॉटेलांची. पर्वरीला 'ओ कोकेरो' जंक्शन; त्याच रेस्टॉरंटात १९८६च्या एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांनी कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजला धरलं. म्हापशाजवळचं 'ग्रीन पार्क' जंक्शनही हॉटेलावरूनच. यात मला कमीपणा दिसत नाही, उलट व्यवहार दिसतो. माणसाला खूण हवी असते. ती देवळाची असो, पिंपळाची असो की हॉटेलाची. नंबर मात्र कोणाच्याच तोंडी बसत नाहीत. पणजी-फोंडा-बेळगाव महामार्गाचा 'फोर-ए' जाऊन ७४८ झाला, किनाऱ्याकडच्या १७चा ६६ झाला, त्याला आता दशक उलटून गेलं. खांडेपारचा माझा मेकॅनिक अजून 'फोर-एवर गर्दी असा' म्हणूनच फोन करतो.

रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड तुम्ही कधी निरखून पाहिले आहेत का? राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाची टोपी पिवळी, राज्य महामार्गाची हिरवी. ही गोष्ट मला काकांनी सांगितली. उसगाव तिस्काला उभं राहून ते म्हणायचे, सरळ जा, पिवळ्या टोप्या लागतील. आमच्या बाजूला वळ, की टोपी कुठली ते देवाला ठाऊक. होंड्याकडचे दगड खाणीच्या धुळीनं इतके लाल झालेले असायचे, की साबांखानं, म्हणजे आमच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानं, त्यांना कुठला रंग दिलेला होता हे पहिल्या पावसानंतरच कळायचं. तोही आठवडाभरच.

याच बाजूला पिसुर्ल्याला बाबांची नोकरी होती. खाणीच्या कार्यालयात ट्रकच्या खेपा लिहायच्या. खनिज भरलेला ट्रक काट्यावरून उतरला की वहीत एक रेघ. ड्रायव्हरला पैसे खेपेवर, त्यामुळे तो वाऱ्यासारखा सुटायचा. एकामागून एक, एकामागून एक. मध्ये बसला घुसायलाही जागा नाही. आमच्या शाळेचा पांढरा गणवेश दिवाळीपर्यंत विटकरी झालेला असे. रस्त्याकाठच्या काजूंची पानं वरून लाल आणि खालून हिरवी. मी लहानपणी समजत होतो की काजूचं पान असंच असतं. फोंड्याच्या पलीकडे, फर्मागुडीच्या उतारावर दोन्ही बाजूंनी हिरवी पानं पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला ती जात निराळी वाटली होती.

२०१२मध्ये खाणी थांबल्या. मग थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा ठप्प झाल्या. बाबा तोवर निवृत्त झाले होते. संध्याकाळी ते दारात खुर्ची टाकून बसत आणि रस्त्याकडे बघत. "केवढी शांतता," असं कौतुकानं म्हणायचे आणि अर्ध्या तासानं तेच, पण वेगळ्या आवाजात. होंड्यात कर्ज काढून दोन-दोन ट्रक घेतलेली घरं होती. ते ट्रक अंगणात उभे राहिले, टायर बसले, एकाच्या हौद्यात आम्ही अळू उगवलेलं पाहिलं. धूळ नको म्हणून रस्त्यावर उतरलेली सोनशीची माणसं आणि पोटापाण्यासाठी पणजीला मोर्चा नेणारे ट्रकमालक, दोघंही याच एका रस्त्यावरचे, आणि बहुधा एकाच गाड्यावर चहा पिणारे. मला यात एकाची बाजू घेता येत नाही. धुळीनं माझ्या आजीचा दमा वाढवला आणि धुळीनंच माझी फी भरली.

पण मी तिस्कावर होतो. उसगावच्या तिस्काची खरी गंमत नकाशा उघडल्यावर कळते. फोंड्याकडून येताना सरळ गेलं की धारबांदोडा, मोले, मग अनमोडचा घाट, लोंढा, खानापूर आणि बेळगाव. डावीकडे वळलं की म्हादई ओलांडून होंडा, साखळी, पर्ये, केरी, मग चोर्ल्याचा घाट, कणकुंबी, जांबोटी आणि बेळगाव. म्हणजे तिथून फुटणारे दोन्ही रस्ते शेवटी बेळगावलाच जातात. रस्त्याला फाटा फुटतो तो दोन वेगळ्या गावांसाठी, असा आपला समज असतो. इथं एकाच गावासाठी फुटलाय.

आणि बेळगाव म्हणजे आमच्यासाठी काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. गोवा म्हटलं की लोक समुद्राकडे तोंड करून उभे राहतात. आम्ही सत्तरी-फोंड्याकडचे, नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातले, आमचं तोंड घाटाकडे. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, सहावीत. बेळगाव त्याच्या आधी चारपाचदा पाहिलं होतं. लग्नाची साडी बेळगावची, चष्मा बेळगावचा, दाढदुखी फारच वाढली तर दाढ काढायलाही बेळगाव. भाजी तर रोजच तिथून उतरते. पावसात घाटात दरड आली, की दुसऱ्या दिवशी साखळीच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकून बायका भाजीवालीला नव्हे, घाटाला शिव्या घालतात.

आमच्या घरात त्यामुळे दोन पक्ष होते. बाबा अनमोडवाले, काका चोर्लेवाले. हे वैर मी तीस वर्षं ऐकलं. गंमत अशी की बाबा होंड्याचे, ज्यांना चोर्ला जवळ; आणि काका उसगावचे, ज्यांच्या अंगणातून अनमोडचा रस्ता. दोघांनीही दुसऱ्याच्या दारातला घाट पसंत केला होता. चतुर्थीच्या दुपारी जेवणं झाली, की काका पान लावता लावता हळूच पुडी सोडत, "चोर्ल्यानं वीस-पंचवीस किलोमीटर वाचतात." बाबा म्हणत, "किलोमीटर वाचतात, कंबर जाते." चोर्ल्याचा रस्ता तेव्हा खराबच होता हे खरं. पण तो पुढे चांगला झाला तरी बाबांनी मत बदललं नाही. अनमोड हा 'राजरस्ता' आहे, असं ते म्हणायचे. घाटात दूधसागराच्या देवळापाशी प्रत्येक ड्रायव्हर क्षणभर तरी थांबतो, नारळ ठेवतो, निदान नाणं टाकतो. जिथं ड्रायव्हर थांबतो तो रस्ता भरवशाचा, हे त्यांचं खाणीवरच्या चाळीस वर्षांतलं शास्त्र. काका म्हणत, केरीला आजोबा आहेत की राखण करायला. मग दोन घाटांतली भांडणं दोन राखणदारांवर जायची आणि आई मधे पडून दोघांना कोकम द्यायची.

या वादात मी कोणाच्याच बाजूनं नव्हतो. आता विचाराल तर चोर्ला. कारण किलोमीटर नाहीत, कारण कणकुंबी. चढ संपून बस पठारावर आली की हे गाव लागतं. तिथं माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे निघते. पुढे कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागरात. आणि त्याच गावच्या शिवारातला कळसा नाला मात्र उलट, पश्चिमेला उतरतो, म्हादईला मिळतो, उसगावच्या पुलाखालून जातो आणि मांडवी होऊन पणजीला समुद्रात. एकाच पावसाची एक सर, एका डोक्यावर पडली तर इकडची, दुसऱ्या डोक्यावर पडली तर तिकडची. पाण्याला कुणी 'कुठलं तिस्क' म्हणून विचारत नाही. किंवा विचारतातही, कळशाचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही यावर गोवा आणि कर्नाटक ही दोन राज्यं कित्येक वर्षं भांडत आहेत, लवाद बसला, २०१८च्या ऑगस्टमध्ये त्याचा निवाडा आला, आणि भांडण होतं तिथंच आहे. बाबांना हे मी एकदा सांगितलं. ते म्हणाले, "बघ, चोर्ल्याच्या वाटेवर पाण्याचंसुद्धा जमत नाही."

रस्ता आणि पाणी यांचं आमच्याकडे नातंच विचित्र. १९८६च्या जुलैत पणजीचा मांडवी पूल कोसळला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. नदी फेरीनं ओलांडता न येणाऱ्या मोठ्या गाड्या लांबचा वळसा घेऊ लागल्या, आणि होंड्याच्या रस्त्यावर आम्ही कधी न पाहिलेले ट्रक दिसायला लागले. आम्ही मुलं कट्ट्यावर बसून त्यांच्या पाट्या वाचायचो. गोव्याच्या गाड्यांचे नंबर तेव्हा जीडीनं सुरू होत. एक पूल समुद्राजवळ पडला आणि गर्दी डोंगराजवळ वाढली, याचं तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये बरोबर उलटं झालं. खांडेपारजवळ केरयेला, रुंदीकरण चाललेल्या रस्त्याकडेची माती घसरली आणि ओपाहून येणारी मोठी जलवाहिनी फुटली. रस्ता आमच्याकडचा, नळ कोरडे पडले पणजीचे. कितीतरी दिवस. फोंड्यात आम्हीही बादल्या घेऊन टँकरपाशी उभे होतो, पण पणजीच्या एका मित्राचा फोन आल्यावर मला थोडा आनंद झाला, हे कबूल करतो. तो पहिल्यांदा विचारत होता, "हे खांडेपार नक्की कुठे येतं रे?"

गेल्या डिसेंबरात काकांच्या नातवाचं लग्न होतं, बेळगावला, टिळकवाडीत. काका आता नाहीत. बाबा ब्याऐंशी वर्षांचे. मी सकाळी सहाला गाडी काढली. घरापासून नाक्यावर आलो आणि साखळीच्या दिशेला इंडिकेटर दिला. बाबा म्हणाले, "उजवीकडे का दिला नाहीस?"

"चोर्ल्यानं जातोय. मुहूर्त साडेदहाचा आहे."

"अनमोडनं जाऊ."

मी घड्याळ दाखवलं. नकाशातल्या बाईचे आकडे दाखवले. त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. चाळीस वर्षं ट्रकच्या रेघा मोजलेल्या माणसाशी आकड्यांत वाद घालायचा नसतो. मी इंडिकेटर बदलला. पिसुर्ल्यापर्यंत ते बोलले नाहीत, पुलावर झोपले.

तिस्कावर वेग कमी केल्याबरोबर ते जागे झाले. "थांब." मला वाटलं, लघवीला. ते दार उघडून सरळ गाड्याकडे चालू लागले. काका टेकून उभे असायचे तोच गाडा. आता मूळ गाडेवाल्याचा मुलगा असतो, आणि चाकांच्या जागी सिमेंटचे ठोकळे आलेत. तेल नुकतंच तापत होतं. त्यानं हात ओला करून पिठाचा एक थेंब कढईत टाकला, तो तळाशी गेला, क्षणभर बसला, मग चुरचुरत वर आला. मग त्यानं एकेक मिरची देठाला धरून पिठात बुडवली, कढईच्या काठावर एकदा झटकली आणि सोडली. बाबा हे सगळं वाकून, एखादा पोर बघतो तसं बघत होते. फटफटायला लागलं होतं. धारबांदोड्याकडून आलेल्या एका बसमधून पंधरावीस माणसं उतरली, कारखान्यांच्या पहिल्या पाळीची, आणि आमच्या भोवतीनं पाण्यासारखी पांगली.

"इथंच उभा होता तो," बाबा म्हणाले. "दोन तास. मला आयुष्यभर ऐकवलं त्यानं. पोराला तिस्क म्हणून सांगतोस, कुठलं ते सांगत नाहीस."

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? मला तेव्हा हे एकच ठाऊक होतं." त्यांनी उंडो मधोमध फोडला, मिरची आत दाबली. "फोंड्याच्या तिस्काला आम्ही वरचा बाजार म्हणायचो. तिथं तिस्क आहे हे मला तू हरवलास त्या दिवशी कळलं."

वरचा बाजार निराळा आणि तिस्क निराळं, हे बावीस वर्षं फोंड्यात नोकरी केलेल्या मला माहीत आहे. मी बोललो नाही.

त्यांनी दोन मिरच्या खाल्ल्या, तिसरी कागदात बांधून घेतली, अर्धा कप चहा घेतला, अर्धा मला दिला. गाडीत बसून पट्टा लावला. समोर बघितलं, डावीकडे बघितलं, हातातल्या घड्याळाकडे बघितलं.

"साडेदहाचा मुहूर्त ना?"

"हो."

"मग आता चोर्ल्यानंच गेलेलं बरं. परत फिरव."

मी काही न बोलता गाडी सुरू केली आणि धारबांदोड्याच्या रस्त्याला लागलो.